बैठकीचं वजन

कोल्हापुरात एखादी वस्तू चांगली आहे की नाही हे ठरवायची एक जुनी रीत आहे. ती आधी उचलून बघायची. पंपाचं केसिंग असो, इंजिनाचं फ्लायव्हील असो, नाहीतर स्वयंपाकघरातला खलबत्ता असो, हाताला ओझं लागलं की माणसाचा चेहरा खुलतो आणि तो म्हणतो, "माल हाय." हलकी वस्तू म्हणजे फसवणूक. पत्रा. पोकळ कारभार. माझे सासरे या रीतीचे सगळ्यात कट्टर भक्त. मी त्यांना मामा म्हणते. आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात. उद्यमनगरात त्यांची लहानशी फाउंड्री होती. लोखंड वितळवायचं, वाळूच्या साच्यात ओतायचं आणि साखर कारखान्यांना लागणारे सुटे भाग करून द्यायचे, यात त्यांची पन्नास वर्षं गेली. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या माहेरच्या रुखवतातली पितळी समई उचलून पाहिली होती आणि मान डोलावली होती. मी पास झाले ते त्या समईमुळे, असं माझा नवरा अजून म्हणतो.

मग फाउंड्री बंद पडली. कामं शिरोलीकडच्या मोठ्या कारखान्यांकडं गेली, जुने कारागीर गावाकडं गेले आणि एका दिवाळीनंतर भट्टी पेटलीच नाही. त्यात भांडण नव्हतं, नाटक नव्हतं. मामांनी शेडला कुलूप लावलं, किल्ली देवघरातल्या खुंटीला अडकवली आणि मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात माजघरातल्या कॉटवर भिंतीकडं तोंड करून झोपायला लागले. जेवायला उठायचे. कुणी आलं तर "बसा पावणं" एवढं म्हणायचे. गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत ज्यांचा आवाज जायचा, त्या माणसाला खोलीत शोधावं लागायला लागलं. सासूबाई आधीच गेलेल्या. नवरा एमआयडीसीतल्या कंपनीत नोकरीला, तो सकाळी सातला जायचा आणि जाताना रोज माझ्याकडं असं बघायचा, जणू मी दिवसभरात काहीतरी जादू करणार आहे. एकदा वडिलांबद्दल त्यानं बोलूनच दाखवलं, "आबांना कशात तरी गुंतव. नाहीतर ह्यो माणूस असाच संपंल."

माझ्याकडं जादू नव्हती. माझ्याकडं काच होती.

मी फिजिक्सची पदवीधर. लग्नानंतर घरी मुलांच्या शिकवण्या घ्यायचे आणि न्यूटनचे नियम तेच तेच सांगून वैतागायचे. एका सुट्टीत एका कॉलेजात दुर्बीण तयार करायचं शिबिर भरलं होतं, तिथं सहज म्हणून गेले आणि अडकले. काम ऐकायला सोपं असतं. काचेच्या दोन जाड चकत्या, मधे पाणी आणि कडक पूड, आणि वरची काच खालच्या काचेवर घासत राहायचं. घासता घासता खालची काच घुमटासारखी होते आणि वरची मधे खोलगट. त्या खोलगट काचेचाच पुढं दुर्बिणीचा आरसा होतो. पूड बारीक बारीक होत जाते, शेवटी राळेच्या थरावर पॉलिश, आणि मग बाहेरून चकाकी चढवून आणायची. सगळं हातानं. काच उभ्या पिंपावर ठेवून त्याच्याभोवती फिरत फिरत घासायचं, म्हणजे काच सगळीकडून सारखी झिजते. मला प्रदक्षिणा घालायची सवय नव्हती, ती या कामानं लागली.

पहिली दुर्बीण मी आमच्या गच्चीवर उभी केली. संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडं रथसप्तमीला असतं. गल्लीतल्या बायकांना दरवर्षी प्लास्टिकचे डबे वाटून मला कंटाळा आला होता. त्या वर्षी म्हटलं, वाण गच्चीवर आहे, चला. सप्तमीचा अर्धा चंद्र सूर्य मावळताना नेमका डोक्यावर असतो आणि अर्ध्या चंद्रावरच खड्डे सगळ्यात चांगले दिसतात. बायका भरजरी साड्या सावरत जिना चढल्या, एक डोळा मिटून बघायला लागल्या. एक म्हणाली, "आगं, ह्ये तर आमच्या कोपऱ्यावरच्या रस्त्यागत हाय की." दुसरी बराच वेळ डोळा काढेना, तेव्हा मागच्या बाईनं तिला कोपर मारलं. डबा न मिळाल्याबद्दल दोघी-तिघी रुसल्या, त्याला माझा इलाज नाही. पण त्यातल्याच एकीच्या भावानं पुढच्या महिन्यात येऊन विचारलं, "मला एक करून द्याल का?"

असा धंदा सुरू झाला. ओट्यावर काचेची पूड आणि कणकेची परात शेजारी शेजारी राहू शकत नाहीत हे लवकरच कळलं. मी देवघरातली किल्ली मागितली. मामा भिंतीकडं तोंड करूनच म्हणाले, "घे की. तिथं काय हाय आता."

शेडमध्ये मी एकटी काम करायला लागल्यावर आठवडाभरात मामा आले. कुतूहल वगैरे नव्हतं. दुपारचा डबा द्यायच्या निमित्तानं आले. माझ्या दुर्बिणीकडं पाहिलं. दुर्बीण म्हणजे एक लांब नळी, तिच्या तळाशी आरसा आणि वरच्या टोकाला बाजूला डोळा लावायचं भिंग. ही नळी ज्याच्यावर बसते आणि खाली-वर, डावी-उजवी फिरते, त्याला आम्ही बैठक म्हणतो. माझी बैठक प्लायवूडची होती. सुतारानं कशीबशी ठोकून दिलेली. मामांनी ती बोटानं ढकलली. ती डुगडुगली.

"ह्ये काय फळकूट? देव्हारा केलाईस काय?"

"मामा, लोकं असलीच वापरतात."

"वापरंनात. ह्याच्यावर काय थाऱ्यावर ऱ्हाणार?"

ते खरं होतं आणि त्यामुळं मला राग आला. दुर्बिणीतून बघताना वस्तू शंभर-दीडशेपट मोठी दिसते, तशी थरथरही तेवढीच मोठी दिसते. जराशी झुळूक आली की शनी भेळेच्या कागदासारखा फडफडायचा. मामा दुसऱ्या दिवशी आले ते डबा न घेता. सोबत खडू होता. शेडच्या फरशीवर त्यांनी बैठकीचं चित्र काढलं, खाली गोल पाट, वर दोन कान, कानांत नळी फिरवणाऱ्या धातूच्या कड्या, म्हणजे बुश. साचा घ्यायचा नमुना, म्हणजे पॅटर्न, लाकडात स्वतः कोरला. ओतकाम शेजारच्या ओळखीच्या फाउंड्रीत करून आणलं, बिडाचं. लेथवर स्वतः घासलं. ते लेथवर उभे राहिले तेव्हा त्यांचा आवाज परत आला. पट्टा सरकला तशी त्यांनी मोठ्यांदा एक शिवी हासडली आणि मला इतकं बरं वाटलं की मी चहा टाकला.

ती बैठक तयार झाल्यावर नळी तिच्यावर बसवून त्यांनी लांबच्या पाण्याच्या टाकीवर रोखली, भिंगाला डोळा लावला आणि मला म्हणाले, "मार थाप." मी नळीवर थाप मारली. "जोरात मार की. जेवली न्हाईस?" मी जोरात मारली. टाकी जागची हलली नाही. त्यांनी डोळा काढून माझ्याकडं पाहिलं, तसं त्यांनी फक्त समई उचलल्यावर पाहिलं होतं.

संध्याकाळी गच्चीवर मी त्यांना शनी दाखवला. म्हटलं, मोठा क्षण आहे, लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं. मामांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "कॉलरचा बुश हाय की ह्यो." म्हणजे भोवती कडं असलेला एक सुटा भाग, एवढंच. मग परत माजघरात जाऊन जेवले. आकाशात त्यांना तेव्हाही रस नव्हता, आताही नाही. त्यांना रस होता तो आकाश हलू नये यात.

बैठक एवढी जड होती की ती गच्चीवर न्यायला नवरा आणि शेजारचे दोघं लागले होते. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. पण दुर्बिणी विकत घेणारी माणसं कोण असतात हे मला हळूहळू कळत गेलं, तसं हसू आटत गेलं. कुणी निवृत्त बँकवाले, कुणी एसटीतले कंडक्टर, कुणी दाताच्या डॉक्टरीण बाई, बिद्रीकडचे एक शाळामास्तर. त्यातले निम्मे साठीच्या पुढचे. एकाचा फोन येतो, चंद्र उलटा दिसतोय, आरसा उलटा बसवलाय का? त्यांना समजवावं लागतं की या दुर्बिणीत सगळंच उलटं दिसतं, आणि चंद्राला वर-खाली नसतं. बिद्रीच्या मास्तरांचा फोन गळीत हंगाम लागला की येणारच. कारखान्याचा धूर, फडातल्या पाचटाचा धूर, ताऱ्यांचं काही खरं नाही. पावसाळ्याचे चार महिने तर सगळीच गिऱ्हाइकं चिडलेली असतात, जणू ढग मी सोडलेत. या माणसांना शहराच्या उजेडापासून लांब, पठारावर नाहीतर एखाद्याच्या मळ्यात दुर्बीण न्यावी लागते. गाडीत चढवायची, उतरवायची, पहाटे परत चढवायची. आणि आमची बैठक उचलायला दोन धडधाकट माणसं लागायची.

तक्रारी मला यायच्या, मामांना नाही. शेडमध्ये माल न्यायला आलेल्या माणसाला मामा खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे, नळीवर थाप मारून दाखवायचे, "हत्ती बांधा ह्याला." त्यांच्यापुढं कुणाची बोलायची छाती व्हायची नाही. घरी पोचल्यावर मला फोन. "वहिनी, वस्तू एक नंबर. पण गाडीतनं उतरवताना मणक्यातनं कळ आली." एकानं तर ती अंगणात कायमची ठेवून तिच्यावर तुळशीची कुंडी मांडली. दुर्बीण त्यानं दुसऱ्याच तिकाटण्यावर बसवली होती. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय.

मी मनात ठेवणारी बाई नाही. मी मामांना सांगितलं. पहिल्यांदा नीट सांगितलं, दुसऱ्यांदा चढ्या आवाजात सांगितलं.

"लोकांना उचलाय येत न्हाई, मामा."

"मग खात काय असतील ती? आमी साखरंचं पोतं पाठीवर टाकत हुतो."

"ती साठीची माणसं आहेत."

"आणि मी कितीचा हाय?"

"ती तुमच्यासारखी नाहीत. त्यांना हलकी पाहिजे. पुण्याचे एक जण प्लायवूडचीच मागतायत. चांगल्या सुताराकडनं नीट करून घेतली तर तीही हलत नाही, मी बघितलंय."

  मामा खडूचा तुकडा खिशात टाकून घरी गेले. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आले, खुर्चीवर बसले, लेथकडं पाहत राहिले. तिसऱ्या दिवशीही तेच. मी समोर काच घासत फिरतेय आणि ते बसलेत. मला माझाच राग येत होता आणि त्यांचाही. मी खोटं बोलले नव्हते. पण आमच्या घरात प्रश्न दुर्बिणींचा नव्हताच. या माणसाला सकाळी उठून जायला जागा राहते की तो परत भिंतीकडं तोंड करतो, एवढाच होता. प्लायवूडची बैठक केली तर गिऱ्हाइकं खूश आणि मामांचं काम संपलं. बिडाची चालू ठेवली तर मामा उभे आणि धंदा आडवा. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "दोन्ही कर." इतकं शहाणं उत्तर ऐकून मी त्याच्या ताटात भाजी जरा जोरातच वाढली.

अशातच हुपरीचे एक गृहस्थ त्यांची दुर्बीण न्यायला आले. चांदीच्या पैंजणांचं घरगुती काम त्यांचं, जैन कुटुंब, घरात चार पिढ्या तेच. त्यांना ग्रहांचं वेड. येताना भाच्याची छोटी गाडी घेऊन स्वतःच चालवत आले होते. ऑर्डर जुनी, त्यामुळं बैठक बिडाचीच होती. मामा कितीतरी दिवसांनी खुर्चीवरून उठले. थाप मारून दाखवली. हत्तीचं वाक्य म्हणाले. मग गाडीपर्यंत न्यायची वेळ आली. दर वेळी शेजारच्या शेडमधली पोरं हाक मारली की यायची आणि मामा पुढं उभं राहून "आस्ते, आस्ते" करायचे. त्या दिवशी सोमवार, उद्यमनगरची सुट्टी, सगळ्या शेडना कुलूप. आम्ही तिघंच होतो.

"मी धरतो एका बाजूनं," पाहुणे म्हणाले.

"तुमी सरा. गिऱ्हाईक हाय तुमी," मामा म्हणाले आणि त्यांनी वाकून बैठकीच्या दोन्ही कानांत हात घातले.

बैठक जमिनीपासून उचलली गेली. वीतभर. मग मामांच्या हातून ती परत खाली टेकली. त्यांनी श्वास घेतला, पुन्हा हात घातले. या वेळी ती हललीही नाही. त्यांची मान लाल झाली होती. मी पुढं व्हावं की नाही हे मला कळेना. मी टेबलावरचं फडकं उचललं आणि पुसलेलाच आरसा पुसायला लागले.

तेवढ्यात पाहुणे कमरेवर हात ठेवून खाली बसले. "थांबा हो, थांबा. माझी कंबर धरली. सकाळपास्नं धरल्यासारखीच हाय. आज न्यायला जमणार न्हाय मला. हितंच असू दे, मी मागनं येतो." माणूस गाडी चालवत तासभर आला होता आणि शेडमध्ये टुणटुणीत फिरत होता. त्यांची कंबर ठीक होती हे मला कळत होतं, मामांनाही कळत होतं. चहा झाला. पाहुणे जाताना पैंजणांच्या धंद्याबद्दल बोलत राहिले, काहीतरी बोलायचं म्हणून. म्हणाले, "आमच्यात उलटं असतंय बघा. पायात भरदार दिसलं पायजे, पण चांदी कमी लागली पायजे. मणी पोकळच असतोय. भरीव मणी कुणीबी करंल, पोकळ करून न चेपणारा करायला हात लागतोय." मामा ऐकत होते की नाही कोण जाणे. ते आपल्या तळव्यांकडं पाहत होते.

त्या संध्याकाळी ते परत भिंतीकडं तोंड करून झोपले. मला वाटलं, संपलं. सकाळी उठले तर कॉट रिकामी. शेडच्या शेजाऱ्यांना फोन केला, तिथं नाहीत. दुपारी दोनला घरी आले, शर्टाची बाही काळी झालेली, हातात कागदाच्या पुडीत चार चांदीचे पोकळ मणी. एसटीनं हुपरीला जाऊन आले होते. त्या गृहस्थांच्या घरी बसून दोन तास काम बघून आले होते.

"ह्ये बघ," म्हणाले आणि एक मणी माझ्या तळहातावर ठेवला. "दाब."

मी दाबला. चेपला नाही.

"भट्टी पेटवाय पायजे," ते म्हणाले.

मोठी भट्टी नव्हे. शेडच्या मागं खड्डा खणून, ब्लोअर लावून त्यांनी मुशीत अल्युमिनियम वितळवायची लहान भट्टी केली. पन्नास वर्षं ज्या धातूला ते "पत्रा" म्हणत आले तोच धातू. कान पातळ करायचे, आतून बरगड्या ठेवायच्या, पाटाला मधे मोठी भोकं. ऐकायला सोपं. पण जाड ओतलं की धातू आपसूक साच्यात पसरतो; पातळ ओतायला गेलं की तो अर्ध्या वाटेत गोठतो. पहिला कान अर्धाच आला, कुरतडलेल्या भाकरीसारखा. दुसऱ्याला चीर गेली. तिसरा बरा आला, पण थाप मारल्यावर टाकी थरथरली. मामांनी तिन्ही परत मुशीत टाकले. वाळूला, ब्लोअरला, मला आणि साच्याला आळीपाळीनं शिव्या घातल्या. मला म्हणाले, "जाड ओतण्यात काय मर्दुमकी न्हाय. इतकी वर्सं मी सोपंच काम केलं." हे ते ज्या आवाजात म्हणाले, तो आवाज मी त्या घरात आल्यापासून ऐकला नव्हता. त्यात दुःख नव्हतं. तो नवं काम शिकायला लागलेल्या माणसाचा होता.

बैठक जमली तेव्हा त्यांनी वजनकाटा मागितला नाही. ते म्हणाले, "घरी चल." टेम्पोनं घरी आणली. मंगळवार पेठेतल्या आमच्या घराचा जिना अरुंद आहे, उंच पायऱ्यांचा, मधे एक वळण. मामांनी धोतराचा सोगा खोचला, वाकले, दोन्ही कानांत हात घातले आणि एकटेच जिना चढायला लागले. मी मागं, दोन्ही हात पुढं करून, पण हात न लावता. नवरा खाली उभा, त्याचा चेहरा मला दिसत नव्हता आणि बरंच होतं. वळणावर ते थांबले नाहीत. वर पोचून बैठक ठेवली आणि पाठीला ताण देत म्हणाले, "आता मार थाप."

काहीही हललं नाही.

ही बैठक चालली. बँकवाल्यांना उचलता यायला लागली, दाताच्या डॉक्टरीण बाई एकट्या पठारावर न्यायला लागल्या. हुपरीचे गृहस्थ येऊन आपली घेऊन गेले; कमरेबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही, मामांनीही नाही. पुणे, नाशिक, पार बेळगावपर्यंत ऑर्डरी जायला लागल्या. लोक विचारायचे, इतकं मोजून नेमकं वजन कसं ठरवलं? साठीच्या माणसाला बरोब्बर झेपतं. मी म्हणायचे, आमच्याकडं तपासणीची पद्धत आहे.

पद्धत होती. दिवाळीनंतर आकाश स्वच्छ झालं की नव्या हंगामाची पहिली बैठक मामा गच्चीवर नेतात. पुढच्या वर्षी त्यांनी ती नेली, पण वळणावर टेकवली. दम घेतला. वर आल्यावर थाप मारायला सांगायच्या आधी म्हणाले, "वाईच जादा हाय." मी म्हटलं, गेल्या वर्षीचीच आहे, मामा, पॅटर्न तोच. ते म्हणाले, "असू दे. काढूया थोडं." आठवडाभर खपून त्यांनी कानाची जाडी आणखी उतरवली, बरगड्या तिरप्या केल्या. हंगामात गिऱ्हाइकांनी कौतुक केलं, नवीन मॉडेल आणखी हलकं. त्यानंतरच्या वर्षी वळणावर दोनदा टेकली. पाटातली भोकं वाढली. पुण्याचे एक इंजिनियर मुद्दाम बघायला आले, चहूबाजूंनी फोटो काढले आणि मला म्हणाले, "दर वर्षी तुम्ही मटेरियल कमी करताय आणि वस्तू तेवढीच घट्ट. मोठ्या कंपन्यांना हे जमत नाही. डिझाइनमागचा विचार काय?" मामा शेजारीच खुर्चीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी इंजिनियरना चहा दिला.

आता मामांची ऐंशी जवळ आली आहे. दंड बारीक झालेत, शर्टाच्या बाह्या वाऱ्यावर हलतात. सकाळी मात्र शेडमध्ये असतात, सगळ्यांच्या आधी. यंदाची बैठक मी एका हातानं उचलते. हलकी करा म्हणून या माणसाशी भांडले ती मीच. आणि आता शेडमध्ये नवी बैठक उचलली आणि ती गेल्या वर्षीपेक्षा हलकी लागली की मी ती लगेच खाली ठेवते. बाहेर तिची तारीफ होते तेव्हा मला ती ऐकवत नाही. मला भीती वाटते, सरळ सांगायचं तर.

परवा दिवे लागायच्या वेळी ती जिन्याच्या पायथ्याशी ठेवली होती. मामा सोगा खोचत होते. मी म्हटलं, "मामा, यंदा राहू दे. वजन आता बरोबर आहे, लोक खूश आहेत. मी नेते वर."

"तू न्हेलीस तर मला कळणार कसं?" ते म्हणाले.

मी बाजूला झाले. त्यांनी वाकून दोन्ही कानांत हात घातले आणि मी त्यांच्या मागं, हात पुढं करून, जिना चढायला लागले.